आधी भात आणा

लेकीचा पहिला पगार झाला म्हणून गेल्या महिन्यात आम्ही पाच जण पुण्यातल्या एका नव्या 'एशियन' हॉटेलात जेवायला गेलो. लेक, तिचे बाबा, माझ्या सासूबाई, माझा भाचा आणि मी. पाण्याचे पेले भरता भरता तिथल्या मुलानं सांगितलं, की आमच्याकडे सगळं 'शेअरिंग'साठी असतं, प्लेट्स मधोमध ठेवायच्या आणि जे जसं तयार होईल तसं येत राहील. घरी परतल्यावर मी म्हटलं, माणसांना जेवायला घालायची ही रीत बरी नाही. त्यावर दुसऱ्या दिवशी भाच्यानं मला लांबलचक उत्तर लिहून पाठवलं. तो हॉटेल मॅनेजमेंट शिकलाय, चार वर्षं किचनमध्ये उभं राहून काम केलंय, आणि पुढच्या वर्षी स्वतःचं असंच हॉटेल काढायच्या खटपटीत आहे. तो बोलतो ते विचार करून बोलतो. म्हणून त्याला उत्तरही नीट द्यायला हवं.

त्याचं म्हणणं असं. आशियातली कुटुंबं हजारो वर्षं मधोमध पदार्थ ठेवून एकत्र जेवत आली आहेत, आणि ही हॉटेलं तीच रीत आपल्यापर्यंत आणताहेत. आपण मराठी माणसं मात्र प्रत्येकाचं ताट वेगळं वाढतो. त्यामागं उष्ट्या-खरकट्याचा जुना विटाळ आहे, आणि ताटं वेगळी म्हणून माणसंही सुटी सुटी जेवतात. 'मावशी, तुला राग आला तो वाट पाहावी लागली म्हणून, पद्धतीचा नाही,' असं त्यानं शेवटी लिहिलं.

वाट पाहावी लागल्याचा राग होताच. आधी तेवढंच सांगते, कारण बाकीचं त्यातूनच निघतं.

सासूबाई शहात्तर वर्षांच्या आहेत. रात्रीच्या जेवणाआधी इन्सुलिन घेतात, आणि ते घेतलं की थोड्याच वेळात पोटात भात-पोळी जावी लागते. म्हणून ऑर्डर देतानाच आम्ही विचारलं, खायला किती वेळात येईल? दहा मिनिटांत, असं उत्तर मिळालं, त्या भरवशावर त्यांनी इंजेक्शन घेतलं, आणि ते उत्तर खरंही ठरलं. पण दहा मिनिटांनी आल्या त्या वाफवलेल्या कोवळ्या सोयाबीनच्या शेंगा. मग कच्च्या पपईचं सॅलड. मग टोफूचे चार तुकडे. भात आणि थाई करी आम्ही पहिल्या दमात सांगितली होती. ती आली एक तास पाच मिनिटांनी, सगळ्यांत शेवटी. मधल्या वेळात सासूबाईंच्या कपाळावर घाम आला, बोटं थरथरायला लागली. माझ्या पर्समध्ये साखर असते, ती पाण्यात घालून दिली. लेकीचा दिवस बिघडू नये म्हणून त्या तिच्याकडे पाहून हसत होत्या. भात मी दोनदा मागितला. वाढायला आलेल्या मुलाचा त्यात काही दोष नव्हता. तो म्हणाला, राईस शेवटीच निघतो, किचनचा क्रम तसाच लावलेला आहे.

तो क्रम कोणी लावला, कशासाठी लावला, आणि त्याला आशियाची कुटुंबपद्धती म्हणायचा अधिकार कोणाला आहे, हा माझा प्रश्न आहे.

'हजारो वर्षं' या शब्दांपासून सुरुवात करू. प्राचीन चीनमध्ये माणसं चटईवर बसत आणि प्रत्येकापुढं आपला छोटा चौरंग, आपलं वाढलेलं अन्न असे. हान काळातल्या थडग्यांतल्या कोरीव विटांवर अशा मेजवान्या दिसतात. उंच टेबलं आणि खुर्च्या रूढ झाल्या, तसतशी मधोमध वाडगे ठेवून जेवण्याची रीत पसरली, ती सोंग काळाच्या आसपास. कोरियात जोसोन काळातल्या खानदानी घरांत एकेकाला स्वतंत्र चौरंगावर वाढत. जपानी घरांत तर अगदी विसाव्या शतकापर्यंत ज्याची त्याची पेटी होती. तिच्यात आपला वाडगा, आपल्या काड्या, आणि झाकण उलटं केलं की तोच चौरंग. सगळ्यांनी बसायचं एक बुटकं टेबल घराघरांत आलं ते त्यानंतर. म्हणजे वेगळं ताट हा मराठी माणसाचा खास दोष नाही. सबंध पूर्व आशियानं ते ताट शतकानुशतकं वापरलंय.

आणि मधोमध वाडगा आला, तसे पुढं तिथल्या शहाण्या माणसांनी त्याचे नियमही आणले. १९१०-११ साली मांचुरियात प्लेगची भयंकर साथ आली. ती आटोक्यात आणणारे पेनांगचे डॉक्टर वू लिएन-ते यांनी १९१५ साली सुचवलं, की टेबलावर फिरती चकती ठेवा आणि प्रत्येक पदार्थाला वाढायचा चमचा वेगळा द्या. चिनी हॉटेलांत आज आपण ती फिरती काच गंमत म्हणून फिरवतो. तिच्याशी एका साथरोगतज्ज्ञाची काळजी जोडलेली आहे. थायलंडमध्ये सामायिक चमच्यासाठी सरकारनं मोहिमा काढल्या. जपानमध्ये आपल्या काड्या सामायिक बशीत घालणं असभ्य समजतात. वाटून खाणाऱ्या लोकांनी वाटण्याचा विचार केला, तो असा. आमच्या टेबलावर सात बश्या आल्या आणि वाढायचे चमचे दोन.

पण मुख्य मुद्दा भाताचा आहे.

थायलंडमध्ये जेवायला चला म्हणायचं तर 'भात खायला चला' म्हणतात. चिनी भाषेतही तसंच. मधोमध ठेवलेल्या पदार्थांना थाई भाषेत शब्द आहे 'कप खाव', त्याचा अर्थ 'भातासोबतचं'. चिनी घरात जेवणाचे दोन भाग असतात : 'फान' म्हणजे भात किंवा जे मुख्य धान्य असेल ते, आणि 'त्साय' म्हणजे भाजी, मासळी, मटण, त्याच्या जोडीचं जे काही असेल ते. जपानी 'ओकाझू', कोरियन 'बानचान' ही त्याच कुळातली नावं. आपल्याला हे समजावून सांगायची गरजच नाही, कारण आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, कालवण. भातात कालवायचं ते कालवण. गोव्यात शीतकडी म्हणतात तेव्हाही आधी शीत येतं आणि मग कडी. रत्नागिरीपासून क्योतोपर्यंत भात खाणाऱ्या घरांची ही एकच समजूत आहे : भात ज्याचा त्याचा, पोटभर, कालवण सगळ्यांचं, त्या भाताच्या बेतानं. भात हातात आहे म्हणूनच मधला वाडगा वाटून घेता येतो. भुकेची जबाबदारी भातानं उचललेली असते, मग माशाचा तुकडा लहान आला तरी कोणी उपाशी राहत नाही.

या हॉटेलांनी नेमका तो भातच बाजूला काढला आणि नुसतं कालवण बशीबशीनं विकायला मांडलं. कच्च्या पपईचं सॅलड हे याचं उत्तम उदाहरण. थायलंडच्या ईसान प्रांतात ते चिकट भाताच्या गोळ्यासोबत खातात. भाताचा गोळा हातात असतो म्हणून एवढं तिखट, एवढं आंबट चालतं. आमच्यापुढं ते एकटंच आलं, आणि रिकाम्या पोटी दोन चमच्यांवर कोणाला जाईना. कोरियात किमची आणि बाकीच्या वाट्या जेवणाबरोबरच येतात आणि संपल्या की बहुतेक ठिकाणी पुन्हा फुकट भरून देतात. आमच्या बिलात किमचीची वाटी वेगळी लावलेली होती.

भाचा इथं मला अडवेल हे मला ठाऊक आहे. म्हणेल, चिनी मेजवानीतही भात शेवटी येतो, जपानी काइसेकीतही शेवटीच. बरोबर आहे. पण ती मेजवानी झाली. तिथं पाहुण्याचं पोट भातानं न भरता मासळी-मांसानं भरावं यात यजमानाचा मान असतो, आणि म्हणून पदार्थही तेवढे भरभक्कम येतात. चार तुकडे टोफू मांडून भात मागं ठेवणं म्हणजे मेजवानीचा फक्त क्रम उचलणं आणि यजमानपण सोडून देणं.

मग या छोट्या बश्या आल्या कुठून? जपानच्या इझाकायातून आल्या, आणि इझाकाया म्हणजे साकेची दुकानं, जिथं लोक प्यायला बसत. तिथल्या बश्यांना आपल्याकडे चखणा म्हणतात. कँटनच्या चहाघरांतून आल्या. तिथलं डिमसम सकाळपासून दुपारपर्यंत चहासोबत खायचं, ती न्याहारी झाली. तैवानचा बाओ हा हातात धरून खायचा बाजारातला खाऊ. यातलं प्रत्येक आपापल्या जागी सुंदर आहे, मला बाओ मनापासून आवडतो. पण चखणा, न्याहारी आणि बाजारचा खाऊ एकत्र करून त्याला रात्रीचं कौटुंबिक जेवण म्हणण्याचं काम आशियातल्या कुठल्या कुटुंबानं केलेलं नाही. ते गेल्या तीसेक वर्षांत न्यूयॉर्क आणि लंडनच्या हॉटेलांनी केलं. नोबू मात्सुहिसा यांचं न्यूयॉर्कमधलं हॉटेल १९९४चं. लंडनचं यावाचा २००४चं, ते २०११ साली मुंबईत आलं. 'तयार होईल तसं येईल' हा नियम लंडनच्या वागामामानं १९९२पासून लोकप्रिय केला, आणि तिथं त्यात फारसं बिघडत नाही, कारण तिथं प्रत्येकाचा नूडल्सचा वाडगा आपापला असतो. शेजाऱ्याचा आधी आला तर त्याचा आधी आला, एवढंच. मधोमध ठेवायच्या बश्यांना तोच नियम लावला की माणसं पूर्ण जेवण कधीच एकत्र पाहत नाहीत. तासभर एकेक घास येत राहतो.

'एशियन' या शब्दावर फार वेळ घालवत नाही. मालवणची सोलकढीही आशियातलीच आहे.

आता वाटणीबद्दल. आम्ही पाच जण. बाओ आले तीन, ग्योझा चार, डिमसम चार, सुशीचा रोल आठ तुकड्यांचा. पाचानं भागेल असा आकडा एकही नाही. अशा वेळी टेबलावर काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. कोणीतरी म्हणतं, मला नको. जपानच्या ओसाकाकडच्या भागात बशीत उरलेल्या शेवटच्या तुकड्याला नावच आहे, संकोचाचा गोळा. आमच्या टेबलावर 'मला नको' कोण म्हणालं? पहिल्यांदा मी म्हणाले. मग सासूबाई म्हणाल्या, तिखट लागतं. तिसऱ्या बशीला लेक म्हणाली, तुम्ही घ्या. बिल भरणारी ती, तिचा पहिला पगार, आणि तीच हात मागं घेत होती. पुरुषांनी काही हावरटपणा केला असं अजिबात नाही. दोघांनी आग्रह केला. पण आम्हा तिघींचे हात आपोआप मागं गेले, आणि ते का गेले हे मला माहीत आहे.

माझी आजी बारा माणसांचं रांधायची आणि सगळ्यांच्या शेवटी बसायची. पातेल्याच्या बुडाशी उरेल ते तिचं. तिच्या जेवणाला आकार असा नव्हताच : कधी नुसता भात आणि मीठ, कधी सगळ्यांनी टाकलेल्या भाकरीच्या कडा. तीही एका सामायिक भांड्यातूनच जेवत होती. आईनं लग्नानंतर घरात कशाला हट्ट धरला असेल तर एवढ्याचसाठी, की सगळी ताटं एकदम वाढायची, त्यात तिचंही. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, भाजी, आमटी, भात, सगळं प्रत्येकाच्या पुढं, मोजून. मासळीचा तुकडा लहान असला तर सगळ्यांचाच लहान. भांड्यांच्या दुकानात जाऊन तिनं स्वतःच्या ताटावर स्वतःचं नाव घालून घेतलं होतं. स्टीलच्या त्या ताटावर ठिपक्याठिपक्यांची ती अक्षरं अजून वाचता येतात. लहानपणी मला वाटायचं, ताट हरवू नये म्हणून नाव घातलंय. पुढं कळलं, ती जागा तिची होती. जपानी घरांतही प्रत्येकाचा भाताचा वाडगा आणि काड्या ठरलेल्या असतात, दुसरं कोणी त्या घेत नाही. त्यांना कोणी सुटं सुटं म्हणत नाही.

म्हणून 'ताट वेगळं म्हणजे माणूस वेगळा' हे वाक्य मला सहन होत नाही. भरलेलं ताट म्हणजे हिशेब चुकणार नाही याची हमी. जो हळू खातो, जो संकोची आहे, ज्याला दात नाहीत, जी बोलत नाही, त्या सगळ्यांचा वाटा ताटात आधीच पडलेला असतो. मधोमध बशी ठेवली आणि वाढणारं कोणी नसलं, की चपळ आणि बोलका माणूस जास्त जेवतो, त्याचा तसा हेतू नसला तरी.

उष्ट्या-खरकट्याचं म्हणाल तर तिथं मी भाच्याच्या बाजूची आहे, पूर्णपणे. आपल्या समाजानं पंक्तिभेदाचं केवढं पाप केलंय ते मला शिकवायला नको. मुंबईत १८४९ साली निघालेल्या परमहंस सभेच्या लोकांना जातीबाहेरच्या हातचं अन्न खायचं तर दारं लावून, गुपचूप खावं लागत होतं. पुण्यात १८९०च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये रानडे-टिळकांसारखी माणसं गेली आणि तिथं पुढं आलेल्या चहावरून ग्रामण्य झालं, प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. पण नीट पाहा. त्या चहाचा पेला ज्याचा त्याचाच होता. भिंत पेल्याची नव्हती, ती कोणाच्या शेजारी बसायचं आणि कोणाच्या हातचं घ्यायचं याची होती. ती मोडायची तर रांग एक व्हावी लागते. नांदेडला हुजूर साहिबच्या लंगरात जाऊन बसावं. तिथंही शब्द पंगत हाच आहे. शेजारी कोण आहे हे कोणी विचारत नाही, थाळी प्रत्येकाची वेगळी, आणि वाढणारा पुन्हा पुन्हा येऊन विचारतो. विटाळ मोडायला एकाच बशीत काड्या घालाव्या लागत नाहीत.

आणि एकाच थाळीत जेवायचंच असेल तर तेही आपल्या मुंबईत आहे. दाऊदी बोहरा कुटुंबं एका मोठ्या थाळभोवती सातआठ जण बसतात. सगळे आल्याशिवाय सुरुवात होत नाही. पहिल्यांदा प्रत्येकाला चिमूटभर मीठ मिळतं, मग एकेक पदार्थ थाळमध्ये येतो, गोड आणि तिखट आलटून पालटून, आणि ज्यानं त्यानं आपल्या पुढ्यातलं घ्यायचं. अन्न टाकायचं नाही. ताट एक आहे, पण प्रत्येकाची कड ठरलेली आहे आणि सगळ्यांचा घास एका वेळी सुरू होतो. याला मी वाटून खाणं म्हणते. त्यात माणसांचा विचार आहे. 'जसं तयार होईल तसं' यात फक्त किचनच्या शेगडीचा विचार आहे.

शेगडीचाही विचार करावा लागतो, हे मला मान्य आहे. भाचा म्हणतो, बाओ वाफेवरून काढला की दोन मिनिटांत खायला हवा, सगळं एकदम द्यायचं म्हटलं तर अर्धं गार होतं. हा त्याचा सगळ्यांत सच्चा मुद्दा. पण गरम बाओ गरम द्यावा, यातून भात तासानं यावा हे निघत नाही. भाताला वाट पाहवते. कुकरमध्ये तो तासभर गरम राहतो, हे त्यालाही माझ्याइतकंच माहीत आहे.

आणि हॉटेलात वाटून खाणं आपल्याला कोणी नव्यानं शिकवावं असंही नाही. नेल्सन वांग यांनी १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लबमध्ये चिकन मंचुरियन केलं असं सांगतात. त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या गावोगावच्या हॉटेलांत चायनीज पोचलं, आणि आम्ही मध्यमवर्गी घरांनी ते पहिल्या दिवसापासून वाटूनच खाल्लं. सूप 'वन बाय टू'. एक हक्का नूडल्स, एक फ्राइड राईस, एक मंचुरियन ग्रेव्ही, माणसं पाच. त्या हॉटेलातला वेटर सूप आतूनच दोन वाडग्यांत बरोबर निम्मं करून आणायचा. नूडल्सची प्लेट आली की 'सर्व्ह करू?' असं विचारून, दोन चमच्यांच्या चिमट्यात धरून प्रत्येकाच्या ताटलीत सारखं वाढायचा, लहान मुलाच्या ताटलीतसुद्धा. मंचुरियनचे गोळे तो मोजायचा. त्या पदार्थाचा चीनशी संबंध कितीही पातळ असो, वाढण्याची ती रीत चीनमधल्या घरापासून दूर नव्हती आणि आपल्या घरापासूनही नव्हती. या नव्या हॉटेलांनी तो वाढणारा माणूस कमी केला, म्हणजे त्याचं काम आमच्यावर आलं. वर त्या कामाला अनुभव म्हणायचं.

सासूबाई शाकाहारी आहेत, हेही राहायला नको. थाई करीत वाटलेली सुकी कोळंबी असते, फिश सॉस असतो, चिनी भाज्यांना ऑयस्टर सॉस लावतात. त्यांच्यासाठी वेगळं सांगावं लागलं, त्यामुळे सात बश्यांपैकी त्यांच्या उपयोगाच्या तीन. त्या तीनही मधोमधच ठेवल्या गेल्या, आणि सगळ्यांनी त्यातूनही घेतलं, एकाच चमच्यानं. 'शेअरिंग'च्या टेबलावर ज्याला कमी चालतं त्यालाच सगळ्यांत जास्त वाटून द्यावं लागतं. आपल्या घरांत गुरुवार, संकष्टी, एकादशी पाळणारं कोणी ना कोणी असतं, कोणाला शेंगदाणा चालत नाही, कोणाला साखर. कुटुंब म्हटलं की हे सगळं आलंच. मित्रांचा घोळका आणि कुटुंब यांत फरक आहे : घोळक्यात सगळे साधारण एका वयाचे, एका भुकेचे असतात. या हॉटेलांची पद्धत घोळक्यासाठी बेतलेली आहे आणि पाटी कुटुंबाची लावलेली आहे.

भाचा स्वतःचं हॉटेल काढणार आहे, म्हणून हे सगळं एवढं आतड्यानं लिहितेय. दुसऱ्या कोणाचं असतं तर मी पुन्हा गेले नसते, एवढ्यावर संपलं असतं. त्याला मी चार गोष्टी मागितल्या आहेत. ऑर्डर घेताना किती माणसं आहेत ते विचारायचं आणि बाओ तेवढेच वाफेवर ठेवायचे, पैसे तेवढे घ्यायचे. प्रत्येक बशीला वाढायचा चमचा. शाकाहारी बशी ज्याची आहे त्याच्या पुढ्यात. आणि भात पहिल्यांदा, प्रत्येकाचा वेगळा वाडगा, झाकण ठेवून.

पहिल्या तीन गोष्टी त्यानं लगेच कबूल केल्या. भाताचं त्याला अवघड वाटतंय. म्हणतो, भात आधी दिला तर लोक बाकीचं कमी मागवतील. मी त्याला म्हटलं, मागवू देत कमी. त्यावर तो अजून काही बोललेला नाही. उद्घाटनाला आम्ही बाकीचे चौघंही जाणार आहोत, आणि सासूबाईंनी मला सांगून ठेवलंय, की इंजेक्शन त्या तिथं, टेबलाशी बसल्यावरच घेणार आहेत.